प्रार्थनेचा विषय

भिवंडीच्या नारपोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या तीन भिंती आमच्या होत्या आणि चौथी कारखान्याची. तिच्या पलीकडे चोवीस लूम, म्हणजे विजेवरचे माग, चालत. त्यांचा आवाज आम्ही ऐकत नसू, घरात हवा असते तसा तो असायचा. पाहुण्यांच्या कपाळावर आठ्या दिसल्या की मगच आठवायचं, आपल्याकडे आवाज आहे. फडताळातल्या बशा एकमेकींना लागून बारीक किणकिणत, पिंपातल्या पाण्यावर सारखी वर्तुळं उठत, आणि आम्ही चौघं, पप्पा, आई, मी आणि धाकटा संजू, एक पट्टी वर चढवूनच बोलत असू. लग्नानंतर ठाण्याला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं होतं, "सरोज, तू रागावलीयस का कुणावर?" मी फक्त मीठ मागितलं होतं.

आई एका खासगी प्रसूतिगृहात नर्स होती. सकाळी सातला ड्युटी सुरू व्हायची ती तीनला संपायची, पण बाळं काही घड्याळ बघून येत नाहीत, त्यामुळे ती घरी यायची ती चारला, कधी साडेचारला, कधी त्याहून उशिरा. पप्पा शेलारच्या एका सायझिंगमध्ये होते, म्हणजे सुताला खळ लावतात त्या कारखान्यात. त्यांची शिफ्ट आठवड्याला बदलायची. त्यांच्या अंगाला खळीचा आंबूस वास असे आणि आईच्या अंगाला डेटॉलचा. मला दोन्ही वास आवडत. शाळेतून आल्यावर संजू आणि मी भाकरीला तेल-तिखट लावून खायचो आणि ओट्यावर बसून आईची वाट बघायचो.

ती आली की आम्ही तिच्याशी बोलायचं नाही, असा नियम होता. नियम कुणी केला आठवत नाही, पण तो संजूलासुद्धा पाठ होता. ती पांढऱ्या चपला दाराबाहेर काढी, मोरीत पायांवर दोन तांबे पाणी ओती, मी झाकून ठेवलेला कोरा चहा उभ्यानेच अर्धा पिई आणि म्हणे, "मी जरा सांगून येते." मग ती मागच्या कोठीत जाई. कोठी म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली अंधारी जागा, जिथे ज्वारीचा डबा, स्टोव्हचं रॉकेल आणि नाताळचा तारा असायचा. कोठीची मागची भिंत तीच, कारखान्याची. आई आतून कडी घाली, पाटावर बसे आणि देवाशी बोले. मनात नाही, मोठ्याने. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका गुडघे टेकून, डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून हळू आवाजात प्रार्थना करत. आई भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, शेजारणीला गाऱ्हाणं सांगावं तशी बोलायची. हे मला ठाऊक होतं, कारण दाराच्या फटीतून मी एकदा पाहिलं होतं. तिचे हात हलत होते, ओठ हलत होते, मधेच ती बोट नाचवून कुणाला तरी दटावतही होती. शब्द मात्र एकही कळत नव्हता. चोवीस लूम ते सगळे गिळून टाकत.

पंधरा मिनिटांनी ती बाहेर यायची तेव्हा वेगळी बाई असायची. तोंडावर पाणी मारून पदराने पुसायची आणि म्हणायची, "हं, आता बोला. आज कोणी कुणाला मारलं?" मग आमच्या तक्रारी, मग उरलेला गार चहा, मग बोंबलाची चटणी किंवा मुगाचं बिरडं. चूल-स्टोव्हापाशी ती भक्तिगीत गुणगुणायची, सूर नेहमी लूमच्या ठेक्यात अडकलेला. सात वाजता घरची प्रार्थना व्हायची. पप्पा घरी असले की तेच करत, आणि भूक लागलेली असल्याने फार भराभर. आई तिथे अगदी व्यवस्थित बोलायची, हे कृपाळू स्वर्गीय पित्या, वगैरे. मला वाटायचं, चार वाजताचा देव आणि सात वाजताचा देव दोन वेगळे असावेत, आणि आईची ओळख पहिल्याशी जास्त आहे.

शुक्रवारी कारखाने बंद असत. त्या दिवशी आई कोठीत जात नसे. आवाज नाही म्हणजे आडोसा नाही, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. एवढंच समजायचं की शुक्रवारी संध्याकाळी आईचा हात लगेच उठतो. संजू तर शुक्रवारी अभ्यासाला बसायचा आपणहून.

आमची घरमालकीण जुबेदाखाला वरच्या मजल्यावर राहायची. कोकणातलं जुनं घराणं, सासऱ्यांच्या वेळेपासून लूम. ती आमच्याशी अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायची आणि आंब्याच्या दिवसांत सांदणं पाठवायची, पिवळीधमक, नारळाच्या दुधातली. ताट परत करताना आई त्यात काहीतरी घालून पाठवी, नाताळात करंज्या, एरवी चार केळी. दोघींचं बोलणं थोडं, पण एकमेकींचं घर दोघी ओळखून होत्या.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. मी सातवीत होते, तेरा वर्षांची. शाळेचं संमेलन दुपारी होतं आणि स्वागतगीताची पहिली ओळ मी एकटीने म्हणायची होती. आईने मेट्रनला सांगून ठेवलं होतं, ती दोनला सुटणार होती. मी पडद्याच्या कडेने बघत राहिले. तिसऱ्या रांगेत माझ्या मैत्रिणीच्या आईशेजारी एक खुर्ची रिकामी होती, ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. मी गायले, बरंही गायले. घरी आले, केसातला गजरा काढला नाही. आई साडेपाचला आली. चपला, पाणी. चहाला तिने हातही लावला नाही. माझ्याकडे, गजऱ्याकडे तिची नजर गेली आणि तशीच पुढे सरकली. "मी जरा सांगून येते," म्हणाली.

मी कोठीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बाहेर आली की तिला सगळं सुनवायचं, असं ठरवून. आणि तेवढ्यात लाईट गेली.

भिवंडीत लाईट जाण्याचं काही विशेष नव्हतं. पण चोवीस लूम एकदम थांबतात तेव्हा पायऱ्या उतरताना एक पायरी कमी पडावी तसं होतं, पाय हवेत राहतो. आईचा आवाज त्या शांततेत दोन-तीन वाक्यं तसाच पुढे आला, मोठा, उघडा. "…घरी येऊच नये असं वाटतं रे मला. दारात त्या दोघांची तोंडं दिसली की पाय मागं फिरतात. ही पोरं नसती तर बरं झालं असतं, असं येतं माझ्या मनात, तुला खोटं कशाला सांगू? ती सरोज माझ्याकडं बघते तेव्हा मास्तरणीपुढं उभं केल्यासारखं वाटतं." मग तिला शांतता ऐकू आली असावी. ती थांबली.

मी ओट्यावर पळाले. ती आली, माझ्याकडे बघत म्हणाली, "इथंच होतीस?"

"नाही. खालाकडे गेले होते."

"गाणं कसं झालं?"

"झालं."

त्या दुपारी प्रसूतिगृहात एकोणीस वर्षांची एक बाळंतीण माझ्या आईच्या हातांत दगावली. बाळ वाचलं. नातेवाइकांनी आईला जिन्यात गाठून नको नको ते ऐकवलं. हे मला कळलं तेव्हा माझी स्वतःची दोन बाळंतपणं झालेली होती, आणि तेही आईकडून नाही कळलं. ती घरी अशा गोष्टी बोलत नसे. त्या ती चार वाजता सांगून टाकायची.

आमच्या मंडळीत दर बुधवारी कुणाच्या तरी घरी बायकांची प्रार्थना असे. त्या आठवड्यात पाळी आमच्याकडे होती. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची बायको, जिला सगळे पाळकीणबाई म्हणत, ती मधे बसायची. उंच, गोरी, घट्ट अंबाडा, आणि मनाने वाईट नव्हे, हे लिहायलाच हवं. कुणी आजारी असलं की पहिली भाकरी तिच्याकडून यायची. गीत झालं, वचन झालं, मग तिने नेहमीप्रमाणे विचारलं, "प्रार्थनेचे विषय सांगा." हा आमच्याकडचा शिरस्ता. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या नवऱ्याचं पिणं. विषय मांडला की सगळ्यांनी त्यासाठी विनंती करायची. मुलांनीही सांगावा, त्याचं कौतुक व्हायचं. आई आत पोह्यांवर खोबरं घालत होती. ती बशांचा ट्रे घेऊन दारात आली आणि मी उभी राहिले.

"माझ्या आईसाठी प्रार्थना करा," मी म्हणाले. "ती देवाला सांगते की तिला आम्ही नको आहोत. तिला घरी यावंसं वाटत नाही."

माझा आवाज बारीक होता, शेवटी थरथरला. सगळ्यांना वाटलं, पोर घाबरलेलं आहे, भाबडं आहे, कुठे काय बोलावं कळत नाही. पस्तीस-छत्तीस वर्षं मीही तेच वाटू दिलं. खरं असं की ती दोन वाक्यं मी आदल्या दिवशी शाळेच्या नळापाशी तीनदा म्हणून पाहिली होती. आधी "आईला आम्ही आवडत नाही" असं होतं, ते मला पुरेसं वाटलं नाही म्हणून बदललं. आवाज संजूचा उसना घेतला होता. बोलताना कुठे थांबायचं, तेसुद्धा ठरलेलं होतं. मला आईला दुखवायचं होतं, चारचौघींत, आणि वर दोष माझ्यावर येऊ द्यायचा नव्हता.

मग गावाकडून येणाऱ्या ताराबाई म्हणाल्या, "अगं पन तुज्या पोटचीच हायती ना ती? असं न्हाय बोलू बाई." पाळकीणबाईंनी आईच्या हातातला ट्रे काढून घेतला, तिला मधे बसवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाकीच्यांनी खांद्यांवर ठेवले. बराच वेळ प्रार्थना झाली. आईच्या मनातला अंधार, आईचं कठीण झालेलं काळीज, मातृत्वाचं दान. दोघीतिघी रडल्या. आई रडली नाही. तिचं डोकं त्या हातांखाली वाकलेलं होतं आणि एक बोट सतरंजीच्या दशीशी चाळा करत होतं. पोहे गार झाले. जाताना पाळकीणबाई म्हणाल्या, "एस्तेरबाई, एकटीनं आत कोंडून प्रार्थना नका करत जाऊ. एकटं मन वाट चुकतं. आम्ही येत जाऊ ना."

सगळ्या गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता मारेल. मार मला चालला असता. तिने विचारलं, "तू ऐकलंस सगळं?"

"हो."

"घाबरलीस?"

इथे मी नाही म्हणू शकले असते. मी मान हलवली. हो.

मग आईने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मला माफ कर गं. माणूस थकलं की काहीही बोलतं. तसं नसतं ते. तू मनात धरू नकोस." आणि मी तिला माफ केलं. खरंच तसं म्हणाले, "केलं माफ." बुधवारी बोललेलं नाही, त्याच्यामागचं खोटंही नाही, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं वाक्य हे आहे. ते लिहून झालं, आता पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं जात नाहीये.

पाळकीणबाईंनी शब्द पाळला. दिवसाआड चारच्या सुमाराला कुणीतरी दोघी येत. आई ड्युटीवरून आली की चपला काढायच्या आत त्या म्हणत, "आलात का? या, बसू या." तिच्यासाठी ठेवलेला चहा मग तिघींत व्हायचा. तिच्याकडून प्रार्थना करून घेत, आणि ती करायची, सात वाजताची, व्यवस्थित. ज्या दिवशी कुणी येत नसे त्या दिवशीही ती कोठीत गेली नाही. ज्वारी काढायला जाई ती दार सताड उघडं ठेवून. आणि ती दारातूनच हसत येऊ लागली. गल्लीच्या वळणावर हसू लावून घेत असावी. "काय रे राजा, काय गं सरू," म्हणायची, चपला काढता काढता. संजूला ही नवी आई फार आवडली. पप्पा म्हणाले, "बघ, प्रार्थनेनं फरक पडतो." मला ते हसू बघवत नसे. सहा वाजेपर्यंत ते तसंच राही, मग ती कपाळाला फडकं बांधून भाकऱ्या थापे. गुणगुणणं कधी थांबलं, ते मला सांगता येणार नाही. थांबलं हे लक्षात यायलाच वेळ लागला.

एकदा जुबेदाखालाने मला जिन्यात धरलं. "तुझी आई आता अंदर बसत नाय चार बजे?"

"नाही."

"क्यूँ? ती आत गेली का मी माझ्या पोरांना पण जिन्यावर दौडू देत नव्हते. ती थकून येते, उसका टाइम है वो. कोण काय बोललं का तिला?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खाला माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. त्यानंतर तिच्या घरी सांदणं आणायला मी संजूला पाठवू लागले.

शाळा संपली, कॉलेज झालं, पप्पांचं दमा होऊन सायझिंग सुटलं, आई हेड सिस्टर झाली. यातलं काहीही सविस्तर लिहायचा माझा विचार नाही. एवढंच सांगते, की मी बँकेत लागले, मला मुली झाल्या, आणि एका संध्याकाळी घराच्या दारात किल्ली हातात धरून मी उभी राहिले आणि माझे पाय मागे फिरले. आत दोघी भांडत होत्या. मी वरच्या गच्चीच्या जिन्यात जाऊन बसले आणि देवाला काय काय म्हणाले, ते कुणी ऐकलं असतं तर माझ्याही डोक्यावर हात ठेवायला आले असते. बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की खाली येऊन मी मुलींना शिरा करून घातला. त्या जिन्यात बसले असतानाच मला पहिल्यांदा नीट कळलं की आईचं मी काय काढून घेतलं होतं. त्याआधी मला फक्त लाज होती.

तरी मी बोलले नाही. लाज जुनी झाली की तिचीही सवय होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या महिला संघाने मला बोलायला सांगितलं. विषय होता, ख्रिस्ती आई दिवसभराच्या ताणातून विसावा कसा मिळवते. आई तेव्हा माझ्याकडे होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. मी टिपणं काढत बसले होते. वचनं लिहिली, थोडा वेळ एकांतात बसा असं लिहिलं, कोठीचं लिहिलं. आई मेथी निवडत होती. म्हणाली, "माझं सांगणार असशील तर सांग हो. मी पण येते ऐकायला."

मी पेन खाली ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. नळापाशी म्हणून पाहिलेलं, बदललेलं वाक्य, संजूचा आवाज. "घाबरलीस?" ला दिलेलं उत्तर.

आई मेथीची पानं खुडत राहिली. मग विचारलं, "म्हणजे तुला कळत होतं."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"आणि मी तुझे हात धरले तेव्हा?"

"तेव्हाही."

मला वाटत होतं, ती म्हणेल, लहान होतीस गं. आया तेच म्हणतात. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "पाळकीणबाईंना माफ करायला मला किती वर्षं लागली माहितीये? नऊ. त्या ताराबाईला त्याहून जास्त. एकेकीचं नाव घेऊन केलं मी. तुझं नाव त्यात कधी घेतलंच नाही. म्हटलं, लेकरू आहे, भ्यालं होतं." ती थांबली. "आता तुझ्यापासून पुन्हा सुरुवात आली."

"आई…"

"आज नको सरोज. मला जमणार नाही आज."

भाषणाला मी नाही म्हणून कळवलं. घरात आई माझ्याशी बोलत होती, गोळी दे, पंखा कमी कर, एवढंच. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं. आमच्याकडे महिन्यातून एकदा असतं, आणि कुणाबद्दल मनात अढी असेल तर त्या मेजापाशी जायचं नाही, आधी समेट करायचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकतो सगळे, आणि उठून जातो सगळे. आईने ते कधी चुकवलं नव्हतं, टाके घातलेले असतानाही नाही. आमच्या बाकाची पाळी आली. सगळे उठले. आई उठली नाही. काठी दोन्ही हातांत धरून समोर बघत बसून राहिली. मागच्या बाकावरची एक बाई वाकून म्हणाली, "मावशी, धरू का हात? चालवत नाही का?" आई स्वच्छ आवाजात म्हणाली, "पाय ठीक आहेत माझे." मीही बसून राहिले. लोक आमच्या गुडघ्यांना ओलांडून गेले आणि परत आले. त्या बाकावर मला जितकी शरम वाटली तितकंच, कसं सांगू, बरं वाटलं. मी केलेल्या गोष्टीला तिने क्षुल्लक म्हटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यातही ती बसून राहिली. मधल्या दिवसांत दुपारी ती तिच्या खोलीचं दार लावून घेई. मी त्या वेळात घरात थांबत नसे, भाजी आणायला म्हणून निघून जाई.

तिसऱ्या महिन्यात आमच्या बाकाची पाळी आली तेव्हा मी आपली खाली मान घालून बसले होते. आई काठी टेकत उठली. बाकाच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि माझ्या खांद्याला काठीच्या मुठीने टोचलं.

"ऊठ," म्हणाली. "लोक खोळंबलेत."